लेनिकबाईंच्या वहीतलं ‘फ्र.’

लेनिकबाईंबरोबर मी अकरा वर्षं काम केलं आणि त्यातली निदान दहा त्यांच्यावर वैतागण्यात घालवली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कुणाला वाटायचं की कुप्शबाई मैत्रिणीचं कौतुक करायला बसली आहे. मी कौतुक वगैरे करत नाही. मी मायक्रोस्कोपवर बसते आणि दिसतं ते सांगते.

त्यांचं नाव रोसविता, पण त्या नावाने त्यांना संस्थेत कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्या माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. ‘मला तू म्हण’ असं म्हणायचा मान मोठ्या माणसाचा, आणि त्यांनी ते कधी म्हटलं नाही. म्हणून मीही लेनिकबाई आणि तुम्ही. बव्हेरियातून आमच्याकडे पीएचडी करायला आलेल्या कोर्बिनियानने पहिल्याच दिवशी त्यांना “तू जरा ती बाटली देतेस का?” असं विचारलं. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “का हो, आपण दोघांनी मिळून कधी डुकरं राखलीत का?” म्हणजे, ही सलगी कुठली? त्यानंतर तो पोरगा त्यांच्याशी बोलताना दोन पावलं लांबच उभा राहायचा. या लांब उभं राहण्याने पुढे काय घोटाळा केला, ते येईलच.

काम असं. मेलामिनच्या राळेचे बारीक गोल दाणे असतात, केसाच्या जाडीत पंधरा बसतील एवढे. त्यांच्यावर एक पदार्थ चढवायचा ज्याच्यावर ऋण भार, मग एक ज्याच्यावर धन भार, मग पुन्हा ऋण, पुन्हा धन. एकमेकांना चिकटत आठ थर. प्रत्येक थरानंतर नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या आणि दाणे तीनदा धुवायचे. चौथ्यांदा नाही, दोनदाही नाही. या एका बाबतीत बाईंनी भल्याभल्यांना रडवलंय. शेवटी आम्ल घालायचं, की आतला दाणा विरघळून बाहेर निघून जातो आणि मागे राहते नुसती पोकळ पिशवी, भिंत इतकी पातळ की कल्पना करायला जाऊ नये. दुधासारखं पांढरं पाणी आम्ल पडल्यावर मिनिटभरात निवळतं. तेवढं मिनिट लेनिकबाई कुणाशी बोलत नसत. मी एकदा मध्येच हवापाण्याचं काहीतरी बोलले, तर दिवसभर तोंड फिरवून बसल्या.

पुढे या पिशवीत औषध कोंडायचं, असा सगळा घाट. म्हणजे पिशवी गळकी असून चालत नाही. ते माझं काम. मी तिच्याभोवती हिरवी चमकणारी लांबलचक साखळ्यांची साखर सोडते आणि बघते. पोट काळं राहिलं तर भिंत बंद. पोट हिरवं झालं तर भोकं आहेत, साखर आत गेली. अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात, टेल्टो गावातल्या आमच्या जुन्या इमारतीत, लेनिकबाईंच्या पिशव्या एकजात काळ्या. सगळ्या! आमचे डॉक्टर टीडेमान हरखून गेले, त्यांनी लेख लिहिला, तो छापून आला. मे महिन्यात आम्ही खोकी भरायला घेतली आणि नोव्हेंबरात गोल्मच्या नव्या इमारतीत कामाला लागलो.

आणि गोल्ममध्ये पिशव्या हिरव्या निघाल्या.

पहिल्यांदा मी माझंच यंत्र तपासलं. मग साखर बदलली. मग पुन्हा बघितलं. हिरव्यागार! एकदा, दोनदा, पाच वेळा. बाई तेच हात, तेच दाणे, त्याच बाटल्या घेऊन करताहेत आणि पिशव्या चाळणीसारख्या. कोर्बिनियानने केल्या, त्याही हिरव्या. तेवढ्यात परदेशातल्या एका गटाचं पत्र आलं, की तुमचा लेख वाचून आम्ही सहा महिने करतोय, एकही पिशवी बंद होत नाही, तुम्ही नक्की काय करता?

सोमवारच्या बैठकीत कोर्बिनियान म्हणाला, “दोनच शक्यता आहेत. एक तर जे केलं ते वहीत लिहिलं नाही, नाहीतर जे लिहिलंय ते केलं नाही.”

आता यावर माणसाने बोलावं की नाही? चोवीस वर्षांच्या नोकरीची ज्येष्ठ बाई, टेबलावर हात आपटावा, “अरे, तू रांगत होतास तेव्हापासून मी नळ्या धुतेय” म्हणावं! पण लेनिकबाई? समोरच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने टिंबं काढत बसल्या. पाठकोरा कागद म्हणजे बाईंचा जीव की प्राण. संस्थेत कुणीही एका बाजूला छापलेला कागद टाकला की त्या उचलून ड्रॉवरमध्ये ठेवणार.

टीडेमान म्हणाले, “या महिनाअखेर टेल्टोसारख्या पिशव्या झाल्या नाहीत, तर लेख मागे घ्यावा लागेल.” आणि ते परिषदेला निघून गेले, शुक्रवारपर्यंत.

मी बाहेर येऊन त्यांना गाठलं. “अहो, बोला की काहीतरी! तो तुम्हाला खोटं पाडतोय आणि तुम्ही टिंबं काय काढताय?”

“काय बोलू? पिशव्या गळतात हे खरंच आहे.”

“म्हणून काय तुम्ही खोटं लिहिलंत?”

“मी तसं म्हटलं नाही,” लेनिकबाई म्हणाल्या आणि नळ्या धुवायला निघून गेल्या. डोकं आपटावं तर भिंतसुद्धा नवी, रंग ओला.

त्यांचं असं का होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त राग यायचा. पूर्व-पश्चिमेच्या मधली भिंत पडून देश एक झाल्यावर आमच्या पूर्वेकडच्या जुन्या संस्थेत पश्चिमेकडून तपासणी समिती आली होती. कोट घातलेले चार गृहस्थ. त्यांनी एकेकाला आत बोलावून विचारलं, तुम्ही काय करता आणि ते कशासाठी? लेनिकबाई म्हणाल्या, “मी धुते.” झालं! एका वाक्यात नोकरी गेली. त्यांनी किती आणि काय काय धुतलं, हे सांगायला काय धाड भरली होती? दोन वर्षं सरकारी खर्चाने फुलांचे गुच्छ बांधायचं शिक्षण घेत बसल्या. मग टीडेमानांना नळ्या धुणारं माणूस सापडेना, तेव्हा त्यांना परत बोलावलं. तेव्हापासून बाई सारखं एकच बोलत, मला एकदा तपासून झालंय.

बुधवारी सकाळी सहाला त्या माझ्या टेबलाशी उभ्या. “कुप्शबाई, व्हॅन काढाल का? टेल्टोला जायचंय.”

“आता तिथे काय ठेवलंय? भिंती?”

“जुना सेंट्रिफ्यूज आहे. आणि पाणी.” त्यांच्या हातात थर चढवलेल्या दाण्यांच्या सहा नळ्या होत्या. “बारातल्या सहांत इथेच आम्ल घालून ठेवलंय. या सहांत तिथे घालते. थर तेच, हात तेच. मग बघू.”

ही कल्पना चांगली होती हे मला कबूल करावं लागलं, आणि सकाळी सहाला मला काही कबूल करायला आवडत नाही.

वाटेत, व्हॅनमध्ये, मी गिअर टाकत असताना बाईंनी समोर बघत सांगितलं, “सोमवारी टीडेमानांच्या टपालाच्या ट्रेमध्ये एक पाकीट ठेवलंय.”

“कसलं पाकीट?”

“नोकरी सोडते म्हणून. शुक्रवारी आले की वाचतील.”

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून भोंगे वाजले, वाजू देत. “लेनिकबाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?”

“डोकं आहे. हातांचं सांगता येत नाही.” त्यांनी हात पुढे धरून दाखवले. जराही थरथरत नव्हते. “डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डोळे बरे आहेत म्हणाला. मग उरले हात. पाच वेळा केलं, पाच वेळा गळलं. कुणी मला काढून टाकायच्या आत मी जाते. दुसऱ्यांदा नको.”

चोपन्न वर्षांची बाई हे असं बोलते आणि आपण स्टिअरिंग धरून बसतो. मला रडू आलं असतं, पण त्याऐवजी मी ओरडले, “ती चिठ्ठी आजच्या आज परत आणायची!”

“दुसऱ्याच्या ट्रेमधलं काढायचं नसतं,” बाई म्हणाल्या. या बाईपुढे मी हात टेकले!

टेल्टोच्या इमारतीत आता फक्त एक चौकीदार होता. पण वीज होती, पाणी होतं, आणि हीटर तर पेटलेलेच. त्या लोखंडी हीटरना बंद करायची कळच कधी नव्हती. हिवाळाभर आम्ही खिडकी उघडून आणि लावूनच उकाडा कमीजास्त करायचो. बाईंनी एप्रन घातला, आम्ल ओतलं, ते मिनिटभर गप्प राहिल्या, मी पण राहिले. मग जुन्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तीनदा धुणं. तो सेंट्रिफ्यूज इतका गार करायचा की नळ्या दरदरून घाम फुटल्यासारख्या ओल्या निघायच्या, वरचे शाईने लिहिलेले आकडे ओघळायचे. नऊ वाजले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, वहीत खूण केली, नळ्यांचं स्टँड नेहमीच्या जागी ठेवलं आणि म्हणाल्या, “फ्र्युश्टुक.”

म्हणजे नाश्ता. तोही दुसरा. पहाटे साडेचारला जो होतो तो पहिला, तो कुणी मोजत नाही. कारखान्यांच्या काळापासून आमच्याकडे नऊला काम थांबतं आणि जग बुडत असलं तरी थांबतं. आम्ही खिडकीच्या कठड्याला टेकून लिव्हर सॉसेज लावलेला पाव खाल्ला, श्प्रेवाल्डच्या खारवलेल्या काकड्या खाल्ल्या, थर्मासमधली कॉफी प्यायलो. उघड्या खिडकीतून गार वारा येत होता आणि पाय गरम होते. अर्धा तास. मला क्षणभर वाटलं, आता बाई ‘तू’ म्हणायला सांगणार. त्यांनी विचारलं, “काकडी संपवताय ना?”

गोल्मला येऊन मी बघितलं. गोल्ममध्ये आम्ल घातलेल्या सहा नळ्या हिरव्या. टेल्टोत आम्ल घातलेल्या सहा नळ्या काळ्या. काळ्या कुळकुळीत! मी खुर्चीवरून उठून नाचायची बाकी होते.

“पाणी,” बाई म्हणाल्या.

गुरुवारी मी पुन्हा टेल्टोला. वीस वीस लिटरचे चार कॅन, माझी कंबर, आणि चौकीदाराची टिंगल: “काय कुप्शबाई, तिकडे गोल्मला नळाला पाणी नाही का?” ते सगळं पाणी गोल्मला वाहून आणलं. बाईंनी त्या पाण्याने धुतलं. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

हिरव्या.

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लेनिकबाईंनी ऐकून घेतलं, आपलं ड्रॉवर उघडलं आणि आपल्या वस्तू खोक्यात भरायला लागल्या. चष्म्याची डबी, हातमोजे, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. मी म्हटलं, निदान उद्यापर्यंत तरी थांबा. त्या म्हणाल्या, उद्या घाई नको.

तेवढ्यात कोर्बिनियान दारात आला. दोन पावलं लांब. हातात बाईंची टेल्टोची जुनी वही. “माफ करा. एक विचारू का? रागावणार नसाल तर.”

“विचारा,” बाई म्हणाल्या.

“ही शेवटची फ्रॅक्शन कशी वेगळी काढायची? मी तीन आठवडे प्रयत्न करतोय. वर आलेल्या पिशव्या ठेवायच्या की खाली बसलेल्या?”

“कसली फ्रॅक्शन?”

“ही काय!” त्याने वही पुढे केली. प्रत्येक पानावर, शेवटच्या धुण्याच्या खाली, बाईंच्या टोकदार अक्षरात: नऊ वाजता, फ्र. “फ्र. म्हणजे फ्रॅक्शन ना? मी पिशव्या चाळतोय, गाळतोय, वेगळ्या करतोय. तीन आठवडे!”

लेनिकबाईंनी वहीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. “अहो, फ्र. म्हणजे फ्र्युश्टुक.”

“काय?”

“नाश्ता! नऊला काय करतं माणूस?”

“नऊला मी झोपलेला असतो,” कोर्बिनियान म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. हा दिवटा कधी दहाच्या आत आलेला नाही.

मला हसू आवरेना. हसत हसतच मी खेकसले, “तीन आठवडे! मग मला विचारायला काय झालं होतं?”

“मला तुम्हा दोघींची भीती वाटते.”

त्याने वही मिटली, जायला वळला आणि पुन्हा थांबला. डोकं तसं बरं आहे त्याचं. “पण मग, नाश्ता चालू असताना नळ्या कुठे असायच्या?”

“कुठे म्हणजे? हीटरवर,” बाई म्हणाल्या. “ओल्या असायच्या. आकडे ओघळायचे. वाळायला ठेवायचे.”

मी खिडकीखाली पाहिलं. नव्या इमारतीत तिथे पांढरा गुळगुळीत पत्रा आहे, त्याला कळ आहे, आणि त्याच्यावर काही ठेवू नका अशी अग्निशमनवाल्यांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. नव्या सेंट्रिफ्यूजमधून नळ्या कोरड्या निघतात. आकडे छापील येतात. आणि नाश्ता दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरात करायचा असतो.

मी स्वतः कालच तिथे उभी होते! पाय गरम, हातात काकडी, आणि नळ्यांचं स्टँड माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर. गेला अख्खा हिवाळा ते रोज तिथेच होतं आणि मी, जी दिसतं ते सांगते, मी ते पाहिलंच नव्हतं. बाईंवर काय चिडायचं?

“किती तापायचा तो?” कोर्बिनियानने विचारलं.

“हात ठेवता येत नसे,” मी म्हटलं. “सत्तर धरा.”

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही तिघं हजर. हो, तिघं! कोर्बिनियानचे केस उभे होते आणि एप्रन उलटा. बाईंनी गोल्मच्याच पाण्याने पिशव्या धुतल्या. निम्म्या नळ्या टेबलावर राहिल्या, निम्म्या सत्तर अंशांच्या गरम पाण्याच्या टबात गेल्या. मग आम्ही दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसलो. बाईंनी आपल्या डब्यातला निम्मा पाव कोर्बिनियानपुढे सरकवला. त्याने तो दोन घासात संपवला. बाईंचा पाव तसाच राहिला. अर्धा तास बरोबर झाला तेव्हा त्याच आधी उठल्या.

मी मायक्रोस्कोपवर बसले. टेबलावरच्या नळ्या हिरव्या. टबातली पहिली: काळी. दुसरी, काळी. मी सहाही बघितल्या. उन्हाळ्यात भेगाळलेली माती पाऊस लागल्यावर मिटते तशी ती भिंत गरम झाल्यावर स्वतःच सरकून, आक्रसून आपली भोकं बुजवत होती. पिशव्या आकाराने थोड्या लहानही झाल्या होत्या, भिंती जाड झाल्या होत्या. हे गेल्या वर्षीच्या चित्रांतही होतं. तेव्हा मला वाटलं होतं, बाईंच्या पिशव्या असतातच जरा आटोपशीर.

“काळ्या आहेत,” मी सांगितलं. “लेनिकबाई, सगळ्या काळ्या आहेत. तुमच्या हातांना काही झालेलं नाही.”

त्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर, आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. कोर्बिनियान काहीतरी म्हणायला गेला, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

अकरा वाजता टीडेमान आले. कोटसुद्धा न काढता कोर्बिनियानचं सगळं ऐकलं, माझी चित्रं पाहिली, आणि मग बाईंकडे वळून ओरडलेच. “पण लेनिकबाई, हे तुम्ही लिहिलं का नाहीत?”

“लिहिलंय की. रोज लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “फ्र.”

“अहो, पण हीटर!”

“नाश्त्याच्या वेळी मी काम करत नाही. न केलेलं काम वहीत कसं लिहायचं?”

टीडेमानांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, आता नीट पद्धत लिहून काढा, आजच, त्या पत्रवाल्यांना पाठवायची आहे. बोलता बोलता त्यांनी ट्रेमधली चार दिवसांची पाकिटं उचलली. तिसरं पाकीट हातात घेऊन ते थबकले. “हे तुमचं अक्षर दिसतंय.”

“माझंच आहे,” बाई म्हणाल्या. “परत द्या.”

“काय आहे?”

“आता काही नाही.”

टीडेमान तसे हुशार नाहीत, पण त्या दिवशी त्यांना काय सुचलं कोण जाणे, न उघडता त्यांनी पाकीट देऊन टाकलं.

आम्ही प्रयोगशाळेत आलो. बाईंनी खोक्यातून चष्म्याची डबी काढली, पाकीट फाडलं आणि कागद टेबलावर पसरला. मी मागून वाचलं. तीन ओळी होत्या. ‘माझे हात या कामाच्या लायक राहिलेले नाहीत. कोणाचाही दोष नाही. मला जाऊ द्यावे.’ एवढंच. चोवीस वर्षं आणि तीन ओळी.

“फाडून टाका तो,” मी म्हटलं. “फाडा आधी!”

“फाडायचा कशाला?” त्यांनी कागद उलटा केला आणि तळहाताने त्याची घडी सपाट केली. “ही बाजू कोरी आहे.”

आणि त्या कोऱ्या बाजूवर, टोकदार अक्षरात, त्या लिहायला लागल्या: दाणे, थर, तीनदा धुणे, आम्ल, तीनदा धुणे. शेवटच्या ओळीशी येऊन थांबल्या, पेन्सिलीचं टोक ओठाला लावलं, मग संपूर्ण शब्द लिहिला, एकही अक्षर न गाळता. फ्र्युश्टुक. सत्तर अंश, अर्धा तास.

“बरोबर आहे का बघ,” त्या मला म्हणाल्या. “बघा” नाही, “बघ” म्हणाल्या.

मी बघितलं. बरोबर होतं.